आठच्या आत रांगोळी

नियम मीच केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गल्लीत कुणी ना कुणी सांगेलच.

मी मधुकरराव. वय शहात्तर. वीज मंडळात पस्तीस वर्षं मीटर वाचले. दारात उभं राहून आत काय चाललंय ते न विचारता ओळखण्यात आपला हात धरणारा नागपूरच्या नंदनवनात कुणी नाही, असं मी समजत होतो. या डिसेंबरात ती गुर्मी उतरली.

आमच्या गल्लीत एकटे राहणारे म्हातारे सात. त्यातला मी एक. पोरं कुणाची पुण्याला, कुणाची हैदराबादला, एकाचा तर थेट कॅनडाला. दोन वर्षांपूर्वी एक संस्था आली. तिची मयुरा नावाची मुलगी दर मंगळवारी फॉर्म घेऊन येते, बीपी मोजते, गोळ्या संपल्या का ते बघते. पोरगी गुणाची. पण एका मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंत मधे सहा दिवस असतात, आणि मरण काही मंगळवार बघून येत नाही. म्हणून मी सुचवलं, की एकट्या बायकांनी सकाळी आठच्या आत दारात रांगोळी काढायची आणि एकट्या पुरुषांनी पायरीवरचा पेपर उचलायचा. आठ वाजता मी चक्कर मारणार. खूण दिसली नाही तर दार वाजवायचं, मग फोन, आणि तरी कुणी बोललं नाही तर दार तोडायचं. मयुरानं ही पद्धत संस्थेच्या मीटिंगमध्ये सांगितली, तिथे टाळ्या पडल्या म्हणे. मी चार दिवस फुगून फिरत होतो.

समोरच्या सुभद्राबाईंना तर या नियमाची गरजच नव्हती. आम्ही इथे आलो तेव्हा गल्ली म्हणजे नुसती काळी माती होती. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन यावं लागे. त्यांच्या घरचा मीटर लागला तेव्हा मी स्वतः उभा होतो. त्याच संध्याकाळी त्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली होती, चिखलाच्या काठावर. त्यांचे मालक बाबाराव म्हणजे गणिताचे मास्तर. ओट्यावर गल्लीतली पोरं गोळा करून फुकट शिकवायचे. माझी बायको शोभा भजी तळून पाठवायची आणि मास्तर म्हणायचे, "भजी आधी, मग अपूर्णांक." तेव्हा कुठल्या घरात कुणी आजारी आहे हे विचारायला फॉर्म लागत नव्हता. खोकला भिंतीतून ऐकू यायचा. ते दिवस आजही हवेसे वाटतात. खोटं कशाला बोलू!

बाबाराव नऊ वर्षांपूर्वी गेले, पाठोपाठ शोभा गेली. सुभद्राबाईंची रांगोळी मात्र सुटली नाही. नवऱ्याची तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी पहाटे त्या पुन्हा दारात वाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

तर त्या रविवारी आठ वाजता त्यांच्या दारात रांगोळी नव्हती.

मी दार वाजवलं. आतून कडी. हाका मारल्या. फोन लावला, तर फोन आतच वाजत राहिला. चारदा वाजून बंद झाला. शेजारचा विक्की पहार घेऊन आला. दार तोडलं. आत स्वयंपाकघर, न्हाणी, देवघर, सगळं पाहिलं. बाई कुठेच नाहीत. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. चार्जरवर फोन तसाच.

मी काय केलं? तर रजतला हैदराबादला फोन केला. रजत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनीअर. म्हटलं, "बापू, आई घरी नाही. कुठे गेली कुणाला माहीत नाही. तू निघ."

संध्याकाळी पाचला सुभद्राबाई ऑटोतून उतरल्या. केस ओले, पातळाचा काठ ओला, आणि डिसेंबरची थंडी. तुटलेलं दार पाहिलं, दारात जमलेली गल्ली पाहिली आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"कुठं गेल्या होत्या वं बाई?" मी ओरडलोच. "इथं जीव टांगणीले लागला सगळ्याईचा!"

"धंतोलीले. दवाखान्यात."

"रविवारी? कोणत्या डॉक्टरकडे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "विसरली," म्हणाल्या.

या एका शब्दानं सगळा घोटाळा केला. रजत सोमवारी सकाळी आला. त्या दिवशीही दारात रांगोळी नाही. मंगळवारी नाही. त्यानं विचारलं, "आई, रांगोळी नाही काढली?" तर म्हणाल्या, "राह्यली." चाळीस वर्षांत कधी न विसरलेली गोष्ट राहिली. मयुरा आली, तिच्या फॉर्मवर 'विस्मरण' असा रकाना आहे, त्यापुढे 'कधीकधी' आणि 'वारंवार'. सुभद्राबाईंना विचारून उपयोग नव्हता, म्हणून तिनं मला विचारलं. मी गल्लीप्रमुख. मी 'वारंवार'वर खूण केली. माझ्या हातानं केली.

रजतनं लगेच ठरवलं. पुढच्या बुधवारची दोन तिकिटं काढली. आईनं आता एकटं राहायचं नाही. हैदराबादला अकराव्या मजल्यावर त्याचं घर आहे, सोनिका, म्हणजे त्याची बायको, चांगली आहे, खोली तयार आहे. पोरगा वाईट नाही हो. बापाची तसबीर रोज सकाळी स्वतः पुसायचा, आणि आईच्या खोलीत डोकावून ती झोपली आहे की नाही ते बघायचा. घाबरला होता. आणि घाबरवलं होतं मी.

गुरुवारी मार्गशीर्षातला उपवास म्हणून शेजारून प्रसाद आला, तो द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. रजत आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होता. सुभद्राबाईंनी वाटी हातात घेतली नाही.

"तिथंच ठेवा. मले चालत नाही."

मी देवघराकडे पाहिलं. दिवा नव्हता. रविवारीही नव्हता. वास घ्यावा तसं मला एकदम जाणवलं. ताटात वरणाला फोडणी नाही, तुळशीपुढे काही नाही, दारात रांगोळी नाही. शोभा असती तर तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. मीटर वाचणाऱ्याला पाच दिवस लागले.

"सुतक हाय का तुमाले?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"गोपिका गेली," म्हणाल्या.

"कोण गोपिका?"

"मास्तराची पहिली बायको."

मीही समोर बसलो.

मग त्या सांगत गेल्या. पारशिवनीच्या पुढे एक खेडं आहे. सत्तर साली मास्तरांचं तिथल्या गोपिकेशी लग्न झालं. सहा वर्षं मूल नाही. घरच्यांनी हट्ट धरला, चार लोक बसवले आणि गोपिकेनं स्वतःच अंगठा दिला म्हणे, 'दुसरी करा.' ती माहेरच्या दोन खोल्यांत परत गेली आणि मास्तर सुभद्राबाईंना घेऊन नागपूरला आले. सुभद्राबाईंना लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. रजत झाला तेव्हा त्या खेड्यातून एक गोधडी आली, तेव्हा कळलं.

"मी लई रागावली होती," त्या म्हणाल्या. "गोधडी तिच्या तोंडावर फेकाले गेली. सहा महिन्यांचं पोट्टं काखेत घेऊन, एष्टीनं. ती अंगणात तूर झोडपून राहिली होती. मले पाह्यलं, पोराले पाह्यलं, अन् हात धुवाले पळाली. म्हणे, 'थांब, मळके हात लावत नाही मी त्याले.' मंग काय फेकतो जी आपण?"

गोधडी परत आली. तेव्हापासून दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेला सुभद्राबाई रामटेकला जायच्या, देवाला म्हणून. गोपिका खेड्यातून तिथे यायची. तलावाच्या पायऱ्यांवर दोघी बसायच्या, शिंगाडे सोलायच्या आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहायच्या. काय बोलायच्या ते विचारलं तर सुभद्राबाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "मास्तराच्या चुगल्या. घोरते किती, मीठ कमी असलं तं बोलत कसा नाही, नुसता बसून राह्यते. हे मले दुसऱ्या कोणाशी बोलता आलं असतं का?"

मास्तरांना माहीत होतं की नव्हतं हे त्यांनाही कधी कळलं नाही. पण त्रिपुरीच्या आदल्या दिवशी ते न सांगता संत्र्यांची पिशवी आणून ठेवायचे.

मास्तर गेल्यावर दोघी एकट्या पडल्या, एक नंदनवनात, एक खेड्यात. मग रोज सकाळी सातला फोन. "उठली का वं?" "उठली. तू?" "उठली." बस, इतकंच. मी टाळ्या मिळवलेल्या नियमाच्या सात वर्षं आधीपासून या दोन बायकांनी आपला नियम चालवला होता, आणि त्याला फॉर्म नव्हता. त्या रविवारी सातच्या आधीच फोन आला, तो तिथल्या शेजारच्या नत्थूजींचा होता.

"पुढच्या दारानं गेली असती तं तुमी विचारलं असतं, कुठं चालल्या," त्या म्हणाल्या. "मंग मी काय सांगू? म्हणून मागून गेली. फोन घ्यायचंही सुचलं नाही."

"पण रजतले सांगा ना! तो तुमाले विसरभोळी समजून घेऊन चालला."

"काय सांगू? तुह्या बापानं एका बाईले मूल नाही म्हणून टाकली, हे सांगू? रोज फोटो पुसते तो." त्यांनी डोळे पुसले. "एकाच माणसाच्या नावानं आमी दोघीनं कुंकू लावलं. तिचं सुतक मी नाही पाळाचं तं कोण पाळते? उरलेले दिवस तिकडं पाळीन. नेऊ द्या मले कुठं बी."

"घर सोडसान?"

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे पंख्याच्या रेग्युलेटरखाली मास्तरांनी पेन्सिलनं रजतची उंची दरवर्षी लिहून ठेवलेली आहे. त्या भिंतीला त्यांनी कधी रंग दिला नाही. मला कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मी घरी आलो आणि जेवलो नाही. एका बाईचं घर सुटणार होतं, आणि त्या कागदावर खूण माझी होती.

मंगळवारी मयुरा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती, बॅगा भरलेल्या. हैदराबादच्या डॉक्टरला दाखवायला तिला शेवटचा फॉर्म पुरा करायचा होता. रजत, मी आणि ती, तिघं बसलो. तिनं गोड आवाजात विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

सुभद्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मन कुठे होतं ते मला ठाऊक होतं.

"आज दहावा," त्या म्हणाल्या.

मयुरानं मान खाली घातली आणि पेन उचललं. रजतचा चेहरा असा पडला की पाहवेना. मी शपथेचा माणूस आहे, पण माझ्यानं राहवलं नाही.

"लिहू नको पोरी!" मी म्हटलं. "बरोबर सांगून राहिल्या त्या. दहावाच होय आज."

"कशाचा दहावा?" रजतनं विचारलं.

पुढचं सांगणं त्यांचं होतं. माझं काम तेवढंच होतं. सुभद्राबाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि सांगितलं. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मयुरा उठून जायला लागली तर म्हणाल्या, "बस वं बाई, तू बी ऐक. तुह्या कागदात आमच्यासारख्या बायकाईसाठी रकाना नाही."

 रजतनं वेगळंच विचारलं.

"लहानपणी रामटेकला एक बाई मला शिंगाडे सोलून द्यायची. हिरव्या बांगड्या. ती?"

"तीच."

"मी तिला विचारलं होतं, तुझं पोरगं कुठे आहे म्हणून."

"मले माहीत हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्यानंतरच तुले नेणं बंद केलं मी."

तो उठून बाहेर गेला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आला. आल्यावर बापाच्या तसबिरीकडे पाहिलं नाही. आईला म्हणाला, "तू मला सांगायला हवं होतं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, आई." आवाजात राग होता, आणि राग योग्य होता. मग म्हणाला, "तेरवीला जाऊ. मीही येतो. तिकिटं शनिवारची करतो." म्हणजे न्यायचं ते न्यायचंच. विस्मरण नसलं तरी एकटं ठेवायची भीती त्याच्या मनात बसली होती, आणि ती मीच बसवलेली.

शुक्रवारी गाडी करून आम्ही तिघं गेलो. पारशिवनी सोडल्यावर दोन्हीकडे तूर आणि कापूस. खेड्यात पोचलो तेव्हा अंगणात मोठ्या गंजात भाजी शिजत होती. गोपिकाबाईंना अग्नी आणि पाणी देण्याचं काम नत्थूजींनीच केलं होतं. नातं काही नाही, फक्त चाळीस वर्षांचा शेजार. रजत अंगणात अवघडून उभा होता, लोक त्याच्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, शहरातला पाहुणा म्हणून बघतात.

जेवणं झाल्यावर तो आतल्या खोलीत गेला, मी मागोमाग. खोलीत एक खाट, एक लोखंडी पेटी. आणि समोरच्या भिंतीवर रजत होता. जावळ काढलेला रजत. शाळेच्या निळ्या चड्डीतला रजत. दहावीच्या निकालाचं पेपरातलं कात्रण, डिग्रीचा झगा, लग्न, त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस. सगळे काचेत, सगळ्या काचा पुसलेल्या. सुभद्राबाई दरवर्षी संत्र्यांच्या पिशवीतून आणखी काय नेत होत्या ते तेव्हा कळलं.

दारात शेजारची म्हातारी इंदुताई उभी राहिली. कमरेवर हात.

"आला का बापू?" ती म्हणाली. "लई लवकर आला!"

रजतला कळेना. तो नुसता बघत राहिला.

"त्रिपुरीहून आली तशी अंथरुणात होती तुही माय. आमी रोज म्हणो, पोराले फोन लाव. तं म्हणे, 'नाही वं, त्याले लई काम असते, मोठा इंजिनीअर होय तो.' गावात प्रत्येकाले फोटो दाखवे. माहा रजत, माहा रजत. आमी होतो गा, तोंडात पाणी घालाले पंधरा माणसं होतो. तिले कमी नाही पडू देलं काही. पण तू एक दिवस, एका घंट्यासाठी आला असता, तं काय बिघडलं असतं तुह्यं?"

म्हातारी रडत होती आणि रागावत होती. सुभद्राबाई घाईनं पुढे झाल्या. "इंदुताई, अवं, त्याले माहीतच नोतं. त्याची काही चूक—"

रजतनं आईच्या दंडावर हात ठेवला आणि तिला थांबवलं.

"चुकलो मी, काकू," तो म्हणाला. "यायले पायजे होतं मी."

वीस वर्षांत त्याच्या तोंडून मी आमची बोली ऐकली नव्हती. मला तोंड फिरवून भिंतीकडे बघावं लागलं, आणि भिंतीवर पुन्हा तोच होता.

इंदुताईनं नाक पुसलं. जरा शांत झाली. सुभद्राबाईंकडे बोट करून म्हणाली, "अन् आता इले उचलून चालला तू, जेवताना सांगे हे. नेऊन ठेवल्यानं होत नाही गा. गोपिकाले बी तिच्या भावानं नेलं होतं एकदा भंडाऱ्याले, आठ दिवसांत पायी निघाली होती वापस. माणसाले त्याच्या जागेवर राहू द्या लागते. अन् आपण जा लागते. समजलं?"

"समजलं," रजत म्हणाला.

निघताना इंदुताई फोटो काढून द्यायला लागली. "घेऊन जाय, तुहेच होत."

"राहू द्या," तो म्हणाला. "ते तिचे होत."

गाडी निघाली. पारशिवनी आलं तेव्हा त्यानं फोन काढला आणि बराच वेळ बोटं चालवली. दुसऱ्यांच्या फोनमध्ये डोकावायची माझी सवय जुनीच. दोन तिकिटांतलं एक त्यानं रद्द केलं होतं.

सुभद्राबाईंनीही पाहिलं. खूप वेळ त्या पदराची कड बोटाला गुंडाळत बसल्या. मग अगदी हळू विचारलं, "मंग तू कवा येशील?"

"संक्रांतीले," तो म्हणाला. "अन् यानंतर कोणी वाट पाहून मरणार नाही, आई."